बोटभर मागे

पहिल्या शनिवारी बारकी वर्गात शिरली तेव्हा मी फळ्यावर एल्बोचं, म्हणजे पाइप वळवणाऱ्या कोपराचं, चित्र काढत होते. खडू तसाच फळ्याला टेकून राहिला.

बारकी म्हणजे माझी नणंद. घरात सगळ्यांत उंच, दारातून जाताना मान वाकवणारी, पण शेंडेफळ म्हणून जी बारकी झाली ती त्र्याहत्तराव्या वर्षीही बारकीच. वाचनालयामागच्या या खोलीत मी गेली अकरा वर्षं, दर थंडीत सहा शनिवार, ‘नवशिक्यांसाठी पाइप जोडणी’ शिकवते. या अकरा वर्षांत बारकी या खोलीकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

“तू कशी इकडे?” मी विचारलं.

“बाहेर पाटी वाचली. नवशिक्यांसाठी असं लिहिलंय. मी नवशिकी आहे.” ती मागच्या बाकावर बसली, पिशवीतून वही काढली. “माझ्या स्वयंपाकघरातला नळ सहा महिने गळतोय. आज येतो, उद्या येतो करत प्लंबर काही उगवत नाही. खालची बादलीसुद्धा कंटाळली आता. चालू दे वहिनी, तुझं.”

पुढच्या बाकावर एक नर्स बसायची, तोंडाने फटकळ. ती वळून म्हणाली, “वहिनी नळ जोडायला शिकवतात आणि नणंदेच्या घरी गळती? दिव्याखाली अंधार म्हणायचा.”

“तिने विचारलं होतं चारदा. मीच नको म्हटलं,” बारकी म्हणाली. “घरच्या माणसाने काम केलं की नंतर नावं ठेवता येत नाहीत.”

सगळ्या हसल्या. मी फळ्याकडे तोंड करून एल्बो पुरा केला. बारकी नवशिकी नव्हती. माझ्या वर्गात आजवर आलेल्या सगळ्यांचे हात एकत्र केले तरी तिच्या एका हाताची सर येणार नाही. ती स्वतःला नवशिकी समजते ते माझ्यामुळे. आणि हे तिला ठाऊक नव्हतं.

माझं लग्न झालं तेव्हा हे बोटीवर इंजिनघरात कामाला होते. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, नळजोडणीची कामं घेत. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ते शिडीवरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. हात खांद्याच्या वर जाईना, पाना आवळायला जोर लागेना. एकुलता मुलगा समुद्रावर. घरात उरलो सासूबाई, बारकी आणि मी. महिनाभर ते खिडकीत बसून रस्त्याकडे बघत होते. मग एके सकाळी त्यांनी मागच्या खोलीतला शिकंजा झटकला, त्यात एक पाइप आवळला आणि आम्हा दोघींना हाक मारली.

“सूनबाई, बारके, इकडे या. दोघींचे मिळून चार हात आहेत. माझा एक गेला, चार आले. नफ्यातच आहे मी.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “पोरींच्या हातात पाना देणार? लोक काय म्हणतील?”

“नळ गळला की लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे,” मामंजी म्हणाले. “ते याहून वाईट असतं.”

ते दिवस आठवले की मला अजून त्या खोलीतला वास येतो. लोखंडाचा, तेलाचा, सफेद्याचा. तेव्हा आजच्यासारखी पांढरी टेप नव्हती. पाइपाच्या टोकाला आटे पाडायचे, त्यावर तागाचे धागे गुंडाळायचे, वरून सफेदा, म्हणजे पांढरा लेप, चोपडायचा आणि मग एल्बो किंवा जे काय जोडायचं असेल ते फिरवत न्यायचं. पहिले दोन महिने आम्ही फक्त ताग गुंडाळला. मामंजी बोटाने चाचपायचे आणि सोडायला लावायचे. “हा काय फेटा बांधलाय का? पातळ हवा. आट्यांच्या दिशेने हवा.” आम्ही हसायचो, सोडायचो, पुन्हा गुंडाळायचो. नखांत पांढरं बसायचं ते जेवतानाही निघत नसे.

बारकीचा हात लवकर बसला. माझा सांधा गळत नसे, पण तिचा बघत राहावासा वाटे. ताग कुठे बाहेर डोकावणार नाही, सफेदा कुठे ओघळणार नाही. मी सांधा जोराने करायची. ती कानाने करायची. पाना फिरवताना मान एका बाजूला कलती करून थांबायची आणि म्हणायची, “बसला.” कशावरून, असं विचारलं तर खांदे उडवायची.

मामंजींच्या कामाच्या काही रीती होत्या. ज्याने सांधा केला त्याने त्यावर आपली खूण करायची. बारकी कानशीने दोन ओरखडे काढायची, मी एक. भिंत बंद करायच्या आधी पाइपात पाणी भरायचं, तोंडांना बुचं लावायची, छोट्या पंपाने दाब चढवायचा आणि दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर तासभर बसायचं. काटा जागचा हलला नाही तरच गवंड्याला बोलवायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आवळलेला सांधा मागे फिरवायचा नाही. एल्बोचं तोंड थोडं पुढे गेलं, नळ वाकडा बसतोय असं वाटलं, तरी बोटभरसुद्धा मागे घ्यायचा नाही. ताग एका दिशेने दाबला गेलेला असतो, मागे घेतला की सैल पडतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पाण्याला दिसतं. मग सगळं सोडायचं, आटे पुसायचे, नवीन ताग लावायचा आणि पहिल्यापासून करायचं. अर्धा तास जातो. जाऊ द्यायचा.

“सांधा म्हणजे दिलेला शब्द,” ते म्हणायचे. “मागे घेतलात की तुमची किंमत गेली.”

आणि बंद भिंतीत मागे फिरवलेला सांधा ज्याचा निघेल त्याने पाना खाली ठेवायचा. कायमचा. हे ते नुसतं बोलत नव्हते. स्वतःच्या सख्ख्या धाकट्या भावाला त्यांनी असं बसवलं होतं. आमचे चुलत सासरे पुढे एका गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, चौकीदार म्हणून. मामंजी तिथून जाताना त्यांना हात करायचे, प्रकृती विचारायचे. पण पाना पुन्हा दिला नाही.

पाचव्या वर्षी एका छोट्या दवाखान्याच्या नव्या मजल्याचं काम आलं. आतापर्यंतचं सगळ्यांत मोठं. मामंजी सकाळी येऊन आखणी करून द्यायचे आणि खांदा दुखला की घरी जायचे. गार पाण्याची लाइन माझी, गरम पाण्याची बारकीची. कपड्यांच्या खोलीला लागून एक न्हाणी होती. तिथला शेवटचा एल्बो बारकीने बसवला, दोन ओरखडे काढले. आम्ही दोघींनी काट्यासमोर तास काढला. काटा हलला नाही. त्या दिवशी बारकीची दाढ ठणकत होती. गाल धरून बसली होती बिचारी.

“जा तू दातवाल्याकडे,” मी म्हटलं. “आता गवंडीच यायचाय. मी आहे.”

ती गेली. गवंडी आला, ओळंबा लावून बघितला आणि म्हणाला, “ही भिंत मुळात तिरकी आहे. मी प्लास्टरने सरळ करणार. पण तुमच्या एल्बोचं तोंड तिरक्या भिंतीच्या हिशोबाने आहे. माझ्या सरळ भिंतीत तुमचा नळ मान वळवून बघेल, शेजारीण आली का म्हणून.”

“किती फिरवायला हवा?”

“बोटभर. डावीकडे.”

डावीकडे म्हणजे मागे. पुढे नेऊन तिथे आणायचा तर जवळजवळ पूर्ण फेरा हवा होता, आणि एवढा आवळला असता तर एल्बो फुटला असता. म्हणजे सोडायचा, पुसायचा, ताग लावायचा. गवंड्याने माल कालवून ठेवला होता. “बाई, घट्ट होतोय माल,” तो दर दोन मिनिटांनी म्हणत होता. त्याचं चूक नव्हतं. मी पाना लावला आणि एल्बो बोटभर मागे घेतला. सहज फिरला. फारच सहज फिरला.

मग मी पंप पुन्हा लावला. एवढं केलं. दाब चढवला आणि काट्याकडे बघत बसले. दहा मिनिटांत काटा एका रेघेने खाली आला. मी स्वतःला सांगितलं, पंपाचा वायसर जुना आहे, तिथून जात असेल. पंपाचे दोन हात मारून काटा परत जागेवर आणला, पंप काढला आणि गवंड्याला म्हटलं, “घ्या बंद करून.”

त्या दिवशी जेवताना मामंजींनी विचारलं, “भिंत बंद करताना काटा पाहिलास ना?”

“पाहिला,” मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. त्यानंतर मी पुष्कळ वेळा स्वतःची अशीच समजूत घातली आहे.

चार महिन्यांनी दवाखान्यातून माणूस आला. कपड्यांच्या खोलीची भिंत छातीपर्यंत ओली झाली होती आणि कपाटातल्या चादरींच्या थप्प्यांना काळी बुरशी चढली होती. आम्ही तिघं गेलो. मामंजींनी छिन्नी आमच्या हातात दिली नाही. डाव्या हाताने, थांबत थांबत, स्वतः भिंत फोडली. एल्बो दिसला तसं ते वाकले, बोटाने सांध्याभोवती चाचपलं. आट्यांतून तागाचा एक धागा उलटा वळून बाहेर आला होता.

“मागे फिरवलाय,” ते म्हणाले.

मग फडक्याने एल्बो पुसला. दोन ओरखडे.

“मी नाही फिरवला बाबा,” बारकी म्हणाली.

मामंजी काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. माझ्या हातात मेणबत्ती होती, भोकात उजेड पाडायला. ती मी नीट धरून उभी होते, जणू त्या वेळी मेणबत्ती नीट धरणं हेच माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसली. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, “बाबा, कदाचित फिरवला असेन. दाढ दुखत होती. मला नीट आठवत नाही.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ओट्याशी उभी होते, दोन पावलांवर. मी दुधाचं भांडं घासत राहिले. भीती तर होतीच. नवरा दूर, मी परक्या घरची, पाना गेला की पुन्हा चूल आणि भांडी. पण खरं लिहायला बसले आहे तर तेही लिहिते, की मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं होतं. आता सगळे जण माझेच सांधे बघणार होते.

मामंजींनी हात पुढे केला. बारकीने पाना त्यांच्या हातात ठेवला. आवाज नाही, तमाशा नाही. पुढे वर्षभराने ती बटणांच्या दुकानात कामाला लागली, मग तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, मुलगी परगावी गेली. सगळ्यांचं होतं तसं तिचं आयुष्य झालं. फक्त एक सवय लागली. घराला कुलूप लावून ती कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत येऊन कुलूप ओढून बघायची. गॅस दोनदा बघायची. मुलीच्या गणवेशाची बटणं स्वतः लावायची आणि मग आईला, म्हणजे सासूबाईंना, विचारायची, “लागलीत ना गं सगळी?” घरात तिची थट्टा व्हायची. ‘बारकी निघाली का?’ असं कोणी विचारलं की दुसरा म्हणायचा, ‘एकदा निघाली. दुसऱ्यांदा निघेल तेव्हा खरं.’ मीसुद्धा हसायची.

मामंजी जाऊन एकतीस वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ते एकदा मला म्हणाले होते, “बारकीचा हात चांगला होता. का केलं असेल तिने तसं?” मी त्यांच्या पायावर पांघरूण ओढलं.

तर असा हा वर्ग, आणि मागच्या बाकावर बारकी.

तीन शनिवार ती नुसतं वहीत लिहीत होती. पाइप कापणं, कानशीने कडा साफ करणं, आटे ओळखणं. मी सांगायची आणि ती टिपून घ्यायची. पान्याला हात लावत नव्हती. चौथ्या शनिवारी प्रत्यक्ष जोडणी होती. प्रत्येकीला एक तुकडा पाइप, एक एल्बो, एक नळ. सगळ्यांचा नळ शेवटी सरळ उभा राहिला पाहिजे, इतकंच. मी मुद्दाम टेपऐवजी ताग ठेवला होता. कशाला ठेवला होता कोण जाणे.

बारकीने तागाचा पुंजका हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरला. मग तीन धागे वेगळे काढले. तिची बोटं सांध्यांत सुजलेली आहेत आता, पण ताग पाइपावर बसला तो असा, की मला मामंजींची मान हलताना दिसली. तिने पाना लावला. मान एका बाजूला कलती झाली.

एल्बो बसला, पण बोटभर पुढे गेला होता. नळ थोडा उजवीकडे कलला.

जोडणीसाठी शेजारी आलेली ती नर्स म्हणाली, “काकू, जरासा मागे घ्या की. कोण बघतंय?”

“मागे नसतो घ्यायचा,” बारकी म्हणाली. आवाज शांत होता. तिने सगळं सोडलं, आटे फडक्याने पुसले, नवीन ताग काढला. बाकीच्या सात जणी आपापले नळ उभे करून चहाला गेल्या तरी ती पहिल्यापासून करत होती. पूर्ण झाल्यावर मी पाणी सोडलं. एक थेंब नाही.

“बघ वहिनी,” ती म्हणाली, “तू बघ एकदा. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

“कोरडा आहे.”

“पुन्हा बघ. कधी कधी उशिराने येतं.” तिने कागदाचा कपटा सांध्याभोवती फिरवला, उजेडात धरला, परत फिरवला. तीनदा. मग माझ्याकडे पाहून ओशाळं हसली. “सवय गं माझी.”

मी खोलीचं दार लावून घेतलं. चहाला गेलेल्यांची बडबड बाहेर ऐकू येत होती. मोरीवर जाऊन मी हात धुतले, आणि धुता धुताच, तिच्याकडे न बघता, बोलले.

“बारके, दवाखान्यातला तो एल्बो मी मागे फिरवला होता. तू दातवाल्याकडे गेली होतीस. गवंड्याने तोंड वळवायला सांगितलं.”

तिने पाना उचलला, फडक्याने पुसला, खाली ठेवला.

“कोणता एल्बो?” तिने विचारलं. तिला कळलं होतं. वेळ हवा होता फक्त.

“न्हाणीतला. तुझ्या खुणेचा.”

“म्हणजे मी नाही फिरवला?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की. मी फिरवला.”

ती बाकावर बसली. मी तिथेच हात ओले ठेवून उभी. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. ती म्हणाली, “सत्तेचाळीस वर्षं मी झोपताना तो दिवस आठवून बघते. मी पाना लावला, एल्बो बसला, ओरखडे काढले. दर वेळी तिथपर्यंतच आठवतं. मला वाटायचं, पुढचं मी विसरले. पुढचं नव्हतंच काही.”

“बारके, मला…”

“माफीबिफी मागू नकोस आत्ता. मला ऐकू येणार नाही.” ती उठली. “बाबांना सांगितलं होतंस?”

“नाही.”

“म्हणजे ते तसेच गेले.”

मी मान हलवली.

“दादा आहे ना घरी?” तिने वही पिशवीत टाकली. “चल. बाबा नाहीत तर दादाला सांग. माझ्यासमोर सांग. तू एकटीने जाऊन सांगशील ते मला नको, तू त्यात काहीतरी गोड घालशील.”

वर्ग मी नर्सवर सोपवला. “सगळ्यांचे सांधे बघ आणि किल्ली वाचनालयात दे,” म्हटलं. तिने दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

घर तिथून दहा मिनिटांवर. बारकी माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. लांब ढांगा टाकत, कुठेही मागे वळून न बघता.

हे खिडकीशी टेबलावर बंद पडलेलं घड्याळ उघडून बसले होते. बोटीच्या इंजिनांनी यांचे कान कधीच खाल्ले आहेत. कानातलं यंत्र दुपारी काढून बशीत ठेवतात, टोचतं म्हणून. बहिणीला बघून खूश झाले.

“अरे, आज दोघी एकदम? चहा टाक गं.”

मी यंत्राची बशी यांच्यापुढे सरकवायला गेले. बारकीने बशीवर पंजा ठेवला.

“तसंच सांग,” ती म्हणाली. “मोठ्याने.”

खिडकी उघडी होती. समोरच्या गच्चीवर कोणी कपडे झटकत होतं, खाली जिन्यात दोन बायका उभ्या होत्या. मी यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “दवाखान्यातला तो सांधा बारकीचा नव्हता.”

“काय?”

“दवाखान्यातला सांधा. बारकीने नव्हता फिरवला. मी फिरवला.”

जिन्यातलं बोलणं थांबलं. यांनी स्क्रू खाली ठेवला. चेहऱ्यावरून मला कळलं, ऐकू गेलं होतं. तरी म्हणाले, “कोणी?”

“मी,” मी ओरडले. माझा आवाज मलाच परका वाटला.

हे बहिणीकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, “मी तुला बोटीवरून पत्र लिहिलं होतं तेव्हा. बाबांचं बरोबर आहे, तू दुसरं काहीतरी शीक, असं.”

“आहे माझ्याकडे ते पत्र,” बारकी म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिने ते मोठ्याने म्हटलंच नव्हतं.

तिचा पंजा अजून बशीवर होता. ती माझ्याकडे वळली. आता तिच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी होतं. पाना फिरवताना ती मान कलती करून थांबायची, तसं.

“थांब,” ती म्हणाली. “तू फिरवलास, मान्य. पण मग काटा? सांधा छेडला की पुन्हा दाब बघायचा, ही बाबांची रीत. तू काही आळशी नव्हतीस. तू पंप लावला असशील.”

मी टेबलावरचे स्क्रू एका रेघेत लावू लागले.

“लावला होतास?”

“लावला होता.”

“मग मागे फिरवलेल्या सांध्यावर काटा उभा राहीलच कसा?”

सत्तेचाळीस वर्षांत आजच पहिल्यांदा पान्याला हात लावलेली बाई मला हे विचारत होती. वर्गात मोरीवर मी अर्धंच सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. गवंडी, माल घट्ट होतोय, घाई, म्हणजे चूक होऊ शकते असं सगळं. ही मात्र चूक नव्हती.

“पडला होता,” मी म्हटलं.

“त्याला सांग. मला नको.”

मी पुन्हा यांच्या कानाशी वाकले. गच्चीवरचं कापड झटकणं थांबलं होतं. “काटा पडला होता,” मी ओरडून सांगितलं. “मी पाहिला. सांधा गळतोय हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी दोन हात मारून काटा परत वर नेला आणि भिंत बंद करायला लावली. आणि बाबांनी हिचा पाना घेतला तेव्हा मी तिथेच उभी होते.”

यांनी घड्याळ बाजूला सारलं. माझ्याकडे पाहिलं नाही. उठून बहिणीसाठी खुर्ची ओढली.

बारकी बसली. बशीवरचा पंजा तिने काढला, यंत्र उचलून भावाच्या हातात ठेवलं.

“लाव आता,” ती त्यांना म्हणाली. “हिला अजून बरंच सांगायचंय.”